चाल क्रमांक सतरा

सावट्या जन्माला आला तो एका बुधवारी दुपारी, आणि त्याला चाल मिळाली ती शिळी.

त्याचं असं झालं. युद्ध सुरू होऊन आठ महिने उलटले होते. शत्रूची जहाजं किनाऱ्याजवळ फिरकत नव्हती, पण त्यांनी लांब समुद्रात सोडलेल्या वस्तू भरतीबरोबर वाळूत येऊन पडत होत्या. पांढऱ्या, वाटोळ्या, तळहातात मावतील एवढ्या. लोकांनी त्यांचं नाव बत्तासे ठेवलं. मच्छीमारांच्या होड्या फोडण्यासाठी ते बनवले होते म्हणे. हातात धरून दाबले तरी फुटायचे. मोठी माणसं त्यांना शिवत नव्हती. मुलं शिवत होती. पहिल्या महिन्यात सगळ्या किनारपट्टीवर मिळून एकतीस मुलांनी बत्तासा उचलला. चौघांचा जीव गेला आणि बाकीच्यांचं जे गेलं तेही परत येण्यासारखं नव्हतं.

शाळाशाळांतून पत्रकं वाटून झाली. पोलिसांनी गाडीवर भोंगे लावून गावं पालथी घातली. पण सहा वर्षांच्या पोरासमोर सरकारी पत्रक वाचणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हा किनारा प्रबोधन कक्ष नावाच्या नव्या सरकारी खात्यात कुणाला तरी उदूची आठवण झाली.

उदू हे खाडीत राहणारं ऊदमांजर, म्हणजे पाणमांजर. कोल्हापुरातल्या एका लहानशा स्टुडिओत शलाका मेथर नावाच्या बाईनं ते पाच वर्षांपूर्वी काढलं आणि बघता बघता ते घराघरांत शिरलं. आईचं काडीचंही न ऐकणारी मुलं उदूनं दात घासले की निमूटपणे दात घासायची. कक्षाच्या प्रमुख डॉ. वसुधा सबनीस स्वतः कोल्हापूरला आल्या आणि शलाकाच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"शुक्रवारी संध्याकाळी पहिला भाग दाखवायचाय," त्या म्हणाल्या. "मुलांनी बत्तासा उचलू नये. बाकी काही नको."

"आज बुधवार आहे, मॅडम."

"माहीत आहे. काल अजून एका मुलीनं उचलला."

शलाकानं पेन हातात घेतलं.

सबनीसबाई मानसशास्त्र शिकलेल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं, की लहान मूल वस्तूला घाबरत नाही, माणसाला घाबरतं. तेव्हा गोष्टीत बत्तासे टाकणारा कुणीतरी हवा. त्यातून सावट्या आला. पण बाईंनी एक अट घातली, आणि ती चांगली होती. सावट्या कुठल्याही देशाचा, धर्माचा, जातीचा दिसता कामा नये.

"शंभर वर्षांपूर्वीच्या युद्धांतही कार्टून काढायचे," त्या म्हणाल्या. "शत्रूला मोठे दात काढायचे, तिरके डोळे काढायचे. युद्ध संपलं, करार झाले, व्यापार सुरू झाला. ते दात आणि डोळे मात्र मुलांच्या डोक्यात त्यांच्या म्हातारपणापर्यंत राहिले. ते पाप मला करायचं नाही."

म्हणून पाच जणांची समिती बसली आणि सावट्याला तपासू लागली. टोपी कुणासारखी तरी वाटली, काढली. दाढी पुसली. कातडीचा रंग धुरकट निळा केला, कारण निळी माणसं कुठल्याच देशात नसतात. कोट ठेवला, मिशी ठेवली, आवाज घोगरा ठेवला. चालीकडे कुणी पाहिलं नाही. चालीत कसली आलीय जात?

आता ही चाल काय भानगड असते, ते सांगायला हवं. कार्टूनमधलं पात्र चालताना दिसतं ते खरं तर एक उजवं आणि एक डावं अशी दोनच पावलं टाकत असतं. त्या दोन पावलांची चोवीसेक चित्रं काढायची आणि ती पुन्हा पुन्हा फिरवायची, की पात्र हवं तितकं चालतं. या चोवीस चित्रांच्या संचाला त्या धंद्यात चाल म्हणतात. चांगली चाल काढायला आठवडा लागतो. म्हणून प्रत्येक चित्रकार चालींचा साठा करून ठेवतो आणि घाईच्या वेळी त्यातलीच एखादी नव्या पात्राला देऊन मोकळा होतो. आणि हा साठा येतो कुठून? आधी घरातून. पोस्टमनकाका, गरोदर असताना चालणारी मावशी, गुडघे धरून जिना चढणारी शेजारीण. चित्रकार पहिली चोरी आपल्या माणसांची करतो आणि त्याला त्यात काही वावगंही वाटत नाही.

शलाकाच्या साठ्यात एकेचाळीस चाली होत्या. सतरा क्रमांकाची चाल तिनं कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला काढली होती, तिच्या वडिलांची. भालचंद्र मेथरांना, म्हणजे अण्णांना, लहानपणी पोलिओ झाला होता. डावा पाय बारीक राहिला. पाऊल टाकताना ते डावा हात गुडघ्याच्या वर मांडीवर टेकवायचे, अंग किंचित पुढे झुकवायचे, पाय मागे दाबायचे आणि मग उजवं पाऊल झोकात पुढे यायचं. शलाकानं मे महिन्याची सुट्टीभर अंगणात बसून ही चाल टिपली होती. तिला त्या वर्षीचं पहिलं बक्षीस मिळालं आणि अण्णांनी ती चोवीस चित्रं मोबाइलवर अर्ध्या गावाला दाखवली.

बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास शलाकाला एक जड, लक्षात राहील अशी चाल हवी होती. तिनं सतरा क्रमांक उचलला आणि सावट्याला दिला. कोट घातल्यावर कोण ओळखणार, असं तिला वाटलं. खरं सांगायचं तर तेवढंही तिच्या मनात आलं नाही. सकाळपासून जेवणसुद्धा झालं नव्हतं.

पहिला भाग शुक्रवारी लागला आणि पडसाद कामाला लागला.

पडसाद ही या कथेतली खरी यंत्रणा. त्या सुमारास विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टीव्हीला एक डोळा असायचा, माणूस पाहत आहे की झोपला आहे हे कळावं म्हणून. पडसाद त्या डोळ्यातून मुलाकडे पाहायचा. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर चेहऱ्याच्या कातडीत रक्ताची लहानशी लाट येते आणि कातडीचा रंग इतका किंचित बदलतो की आईलाही दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसतो. बाहुली मोठी झाली, पापणी लवायची थांबली, तेही दिसतं. एवढ्यावरून मूल कुठल्या क्षणी घाबरलं आणि कशामुळे घाबरलं याचा अंदाज बांधायचा आणि त्याप्रमाणे चित्र तिथल्या तिथे बदलायचं. एका घरात सावट्याची मिशी मोठी करून पाहायची, दुसऱ्या घरात कोट लांब करून. ज्यानं ठोका चुकतो ते ठेवायचं, ज्यानं काही होत नाही ते पुसायचं. चित्रकारानं कुलूप लावलेल्या गोष्टी सोडून बाकी सगळं बदलायची त्याला मुभा होती. उदूला शलाकानं नखशिखांत कुलूप लावलं होतं. सावट्याला लावायला वेळ मिळाला नव्हता, आणि सबनीसबाईंनाही तो मोकळाच हवा होता.

सहा आठवड्यांनी कक्षाची बैठक झाली. सबनीसबाई एरवी हसत नसत. त्या दिवशी हसल्या. महिन्याला एकतीस मुलं बत्तासा उचलत होती, ती दोनवर आली होती. दोन! शलाकाच्या छातीवरचा धोंडा उतरला. आपण काढलेल्या चित्रानं कुणाचे तरी हात शाबूत राहिले, ही काही लहान गोष्ट नव्हती. तिला इतका आनंद झाला की शेजारी बसलेल्या अनोळखी कारकुनाचा हात तिनं दाबला.

मग बाईंनी भिंतीवर सावट्या दाखवला, आत्ता घराघरांत दिसत होता तसा.

कोट गेला होता. मिशी गेली होती. घोगरा आवाजही गेला होता. पडसादनं एकेक गोष्ट पुसून पाहिली होती आणि मुलांना त्यातल्या कशाचीच भीती नव्हती. उरली होती एक काळी सावली. ती डावा हात मांडीवर टेकवत होती, पुढे झुकत होती, आणि उजवं पाऊल झोकात टाकत होती.

"चाल!" सबनीसबाई म्हणाल्या. "आम्हालाही आश्चर्य वाटलं, पण वाटायला नको होतं. माणसाच्या सांध्यांवर दहाबारा दिवे लावा आणि अंधारात त्याला चालवा. चेहरा दिसत नाही, अंग दिसत नाही, फक्त ठिपके हलतात. तरी आपण म्हणतो, अरे, हा तर आपला अमका. चाल ओळखणं ही मेंदूची फार जुनी सवय आहे. चेहरा विसरेल, चाल विसरत नाही. शलाकाताई, ही चाल तुम्ही निवडलीत. तुमचं अभिनंदन करावं तेवढं थोडं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भिंतीवर अण्णा चालत होते. शलाकाही टाळ्या वाजवत राहिली, कारण तिला दुसरं काही सुचलं नाही.

घरी येऊन तिनं पहिला फोन अण्णांना लावला. आई गेल्यापासून ते खाजणवाडीच्या घरात एकटे राहायचे. मालवणजवळ, खाडीला लागून घर. मागल्या दारी पाच पायऱ्या उतरल्या की पाणी. दर वर्षी मार्चपासून मे अखेरपर्यंत ते गावच्या पोरांना धक्क्यापाशी पोहायला शिकवायचे. चाळीस वर्षं हा नेम होता. जमिनीवर रखडत चालणारा हा माणूस पाण्यात पडला की त्याचा पाय कुणाच्या ध्यानातही राहत नसे. गावातल्या दोन पिढ्या त्यांच्या तळहातावर पोट टेकून, आडव्या होऊन तरंगायला शिकल्या होत्या. पोरं त्यांना भालूआजो म्हणायची.

"काय गो, बरी असस मां?" अण्णा म्हणाले.

"बरी आसंय. तुमचा काय? पोरां येतत मां पोहूक?"

"नाय गो. येनत नाय हल्ली. आवशीबापाशींका दर्याची भीती वाटत आसतली."

"बाकी सगळा बरा?"

"सगळा बरा," अण्णा म्हणाले. ते खोटं बोलायचे तेव्हा फार थोडकं बोलायचे.

शनिवारी शलाका जुईला घेऊन खाजणवाडीला गेली. जुई तिची सात वर्षांची मुलगी. नवरा विशाखापट्टणमच्या गोदीत अडकून पडला होता आणि युद्धामुळे प्रवासाचे परवाने मिळत नव्हते, त्यामुळे मायलेकी दहा महिन्यांनी गावी येत होत्या. शलाकानं जुईला सावट्याचे भाग बघू दिले होते. आपणच काढलेलं चित्र आपल्याच मुलीला दाखवायचं नाही, हे तिच्या मनाला पटलं नव्हतं.

रिक्षातून उतरल्या तेव्हा अण्णा अंगणाच्या टोकाला माडाखाली होते. नात दिसताच ते लगबगीनं निघाले. हात मांडीवर, अंग पुढे, उजवं पाऊल.

जुई आईच्या मागे गेली. शाळेनं सगळ्या मुलांना गळ्यात घालायला एक शिट्टी दिली होती. कार्टूनमधली मुलं सावट्या दिसला की तीनदा शिट्टी वाजवायची आणि मग तटरक्षक येऊन त्याला पळवून लावायचे. जुईचा हात शिट्टीवर गेला. तिनं ती वाजवली नाही. नुसती घट्ट धरून ठेवली.

अण्णा अर्ध्या अंगणात थांबले. "माका वळखलंस नाय गो?"

"ओळखलं," जुई अगदी बारीक आवाजात म्हणाली.

अण्णा तिथंच चिऱ्याच्या कठड्यावर बसले. आणि ते बसले मात्र, जुई आईचा हात सोडून त्यांच्याकडे धावत गेली. गळ्यात पडली, शाळेतलं सांगू लागली, त्यांच्या खिशातले चुरमुरे काढून खाऊ लागली. शलाकाला वाटलं, चला, गेली भीती. मग अण्णा पाणी आणायला उठले आणि जुई पुन्हा आईच्या पदराशी येऊन उभी राहिली.

अण्णांच्या हे दोनदा लक्षात आलं. तिसऱ्यांदा ते उठलेच नाहीत. दिवे लागेपर्यंत कठड्यावर बसून राहिले. तहान लागली तरी कुणाला सांगितलं नाही, बांधलेली होडी भरतीनं सुटून हेलकावे खायला लागली तरी पाहत राहिले. नात मांडीवर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धक्क्याकडे निघाले तेव्हा शलाका चार पावलं मागून गेली. पहिल्या घरातून शिट्टी वाजली, तीनदा. मग समोरच्या माडीवरून. मग शाळेच्या आवारातून पाचसहा एकदम. कुणाची तरी आई ओरडली, "गप रवा मेल्यांनो, भालूकाका तो!" आणि ओशाळून हसली. अण्णांनी मान वळवली नाही. त्यांच्या चालण्याला वेग येणं शक्य नव्हतं, त्यामुळे ती वाट त्यांना सगळीच्या सगळी चालावी लागली.

सुगंधा तारी ही शेजारीण. तिनं शलाकाला बाजूला घेऊन सांगितलं, की तटरक्षकांचे जवान दोनदा गाडी घेऊन आले, अण्णांना पाहून माफी मागून गेले. बिचाऱ्यांचा तरी काय दोष? शिट्टी झाली की यायचं असा हुकूम. "माजो पोरगो तेंच्याकडेच पोहूक शिकललो गो," सुगंधा म्हणाली. "आता दारातून जरी गेले तरी खाटीखाली शिरता. मारलंय, समजावलंय. तो म्हणता, माका ठावक आसा तो भालूआजो, पण माका भीती वाटता."

शलाकानं तिथूनच, धक्क्यावर उभं राहून, सबनीसबाईंना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. सतरा क्रमांक, बक्षीस, अण्णा, शिट्ट्या.

बाई म्हणाल्या, "असे दोनशे चौदा निरोप आलेत आमच्याकडे. तुमच्या वडिलांच्या वयाची, पोलिओ झालेली माणसं बरीच आहेत. आम्ही त्यांची नोंद 'मुलं सतर्क आहेत' अशी केली."

"मी उद्या ती चाल काढून घेते. नवी चाल देते."

"घेऊ शकता. तो अधिकार तुमचा आहे, मी अडवणार नाही. फक्त ऐकून घ्या. समुद्रात जाळी टाकायचं काम चालू आहे. ती पुरी झाली की बत्तासे किनाऱ्याला येणार नाहीत. त्याला सहा आठवडे लागतील. पडसादला नवी चाल मुरवायलाही तेवढाच वेळ लागेल. मधल्या काळात मुलं पुन्हा उचलायला लागतील. आमचा अंदाज अकरा मुलांचा आहे."

"अंदाज चुकू शकतो."

"चुकू शकतो. सात असतील, पंधरा असतील." बाईंचा आवाज थकलेला होता. "मी दाढी पुसली, टोपी काढली, कातडी निळी केली. चाल मला दिसली नाही. तुमच्या वडिलांच्या पाया पडून माफी मागायला मी येईन, शलाकाताई. पण ते अकरा हात मी कुठून आणू?"

शलाका घरी आली तेव्हा तिचं ठरलं होतं. चाल बदलायची. जन्मदात्याला गावभर भूत करून ठेवायचं आणि वर पुण्य मिरवायचं, हे तिला जमणार नव्हतं. तरी अण्णांना सांगायला हवं होतं. जुई मागल्या पायऱ्यांवर गळ टाकून गरवत बसली होती. अण्णा ओट्यावर जाळं विणत होते.

"अण्णा, तो सावट्या मीच काढलंय."

"ठावक आसा. उदू तुझो, मगे सावट्या कोणाचो आसतलो?"

"तेची चाल तुमची आसा. कॉलेजात काढलेलंय, ती."

अण्णांचे हात थांबले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. शलाकानं त्यांना रागावलेलं पूर्वीही पाहिलं होतं, पण हे निराळं होतं.

"माका वाटला, पोरांका लंगडो माणूस बघून तसा वाटता," ते म्हणाले. "म्हटला, सावट्या लंगडो आसतलो, म्हणान. माझीच चाल? जी मी गावाक दाखयत फिरलंय ती?"

"होय."

"साठ वर्सां ह्या पायान चलतंय मी ह्या गावात. कोण हसाक नाय कधी. शाळेत नाय, लग्नात नाय. आणि तुका दुसऱ्या कोणाची चाल मेळाक नाय?"

शलाकाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ती म्हणाली की उद्याच्या उद्या बदलते. जाळी, सहा आठवडे, अकरा मुलं, त्याच चालीचे दोनशे चौदा जण, हेही तिनं सांगितलं, कारण न सांगणं म्हणजे पुन्हा एकदा त्यांच्या नकळत त्यांचं काही घेणं झालं असतं.

अण्णा पुन्हा विणू लागले. जेवणं झाली, ताटं उचलली. दुपारी चहा घेताना त्यांनी विचारलं, "किती पोरां म्हटलंस?"

"अकरा. अंदाज आसा तो."

"हातच जातत, की..."

"कधी हात. कधी जीव."

अण्णांनी कप बशीत ठेवला. "मी घरात बसतंय सा आठवडे. भायर पडूचंय नाय. कोण बघूचा नाय, कोण शिट्टी मारूचा नाय. बाकीचे दोनशे चौदा काय करतले ता तेंका इचार, मी माझा सांगतंय." मग त्यांचा आवाज चढला. "पण मगे माझी चाल माका परत दी. ऐकलंस? माझी आसा ती."

शलाकाला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याची तिला लाज वाटली. तिनं मान हलवली.

त्या दोनशे चौदा जणांना मात्र कुणी काही विचारलं नाही. शलाकानं सबनीसबाईंना तसं सुचवलं, तेव्हा उत्तर आलं की विचारायचं म्हणजे पत्र पाठवावं लागेल, पत्र पाठवायचं म्हणजे मंजुरी लागेल, आणि मंजुरी यायला सहा आठवडे जातील.

जाळी ठरल्या दिवसाच्या तीन दिवस उशिरा पुरी झाली. त्या काळात सगळ्या किनाऱ्यावर एकाच मुलानं बत्तासा उचलला, तोही वीज गेलेल्या गावात. अकरा मुलं खरंच वाचली की नाही, हे आता कुणालाच कळण्यासारखं नव्हतं. न घडलेलं मोजायला माप नसतं.

सबनीसबाईंनी न अडवण्याचा शब्द पाळला. सावट्या त्याच संध्याकाळी बंद झाला. शलाकानं चाल क्रमांक सतरा काढून घेतली, तिला कुलूप लावलं आणि उदूच्या गोष्टीत एक म्हातारं ऊदमांजर आणलं. उदूचे आजोबा. ते हात मांडीवर टेकवून चालायचे, पिल्लांना पोहायला शिकवायचे, बुडणाऱ्याला ओढून काढायचे. चार आठवडे रोज ते दाखवलं, आणि तोवर अण्णा घरातच थांबले. शिट्ट्या शाळेनं परत घेतल्या. दोनशे चौदा जणांना 'आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल' असं छापलेलं पत्र गेलं, सही-शिक्क्यानिशी.

"एक सांगून ठेवते," बाई फोनवर म्हणाल्या. "मुलं आता घाबरल्यासारखी वागणार नाहीत. ती समजूतदार असतात. पण भीती पुसता येत नाही. तिच्यावर दुसरं काहीतरी लिहिता येतं, एवढंच. खालचं राहतं."

मेच्या शेवटच्या आठवड्यात शलाका आणि जुई पुन्हा खाजणवाडीला गेल्या. सकाळची भरती होती. अण्णा दहा आठवड्यांनी प्रथमच धक्क्याकडे निघाले. नवी पांढरी बनियन, खांद्यावर पंचा. सगळ्या वाटेवर एकही शिट्टी वाजली नाही. दारादारांतून बायकांनी हाका मारल्या, कुणी आंबे दिले. पोरंही दारात उभी होती. पोरांनी हात केले, "भालूआजो!" म्हटलं, आणि ती दारातच उभी राहिली. बरोबर कुणी आलं नाही.

जुई मात्र निघाली होती. तिनंच हट्ट धरला होता. ती अण्णांच्या पुढे चालत होती, चांगली सातआठ पावलं पुढे. शलाकानं हाक मारली, "जुई, आजोबांचा हात धर की." जुईनं मान हलवली आणि मागे न पाहता तशीच चालत राहिली.

शलाकाला ते उशिरा उमगलं. अण्णांना आधीच उमगलं असावं, कारण जुई वाटेत चप्पल नीट करायला थांबली तेव्हा तेही थांबले, आणि ती पुन्हा चालू लागेपर्यंत त्यांनी पाऊल उचललं नाही. नातीला आजोबा हवे होते. त्यांचं चालणं दिसू नये म्हणून ती पुढे चालत होती.

धक्क्यावर अण्णा आधी पाण्यात उतरले. दोन हात मारून वळले, तळहात वर धरला आणि जुई त्यावर पोट टेकून आडवी झाली. दहा मिनिटांत तिचं हसणं पलीकडच्या काठापर्यंत जात होतं. तिला पोहता येत होतं, कोल्हापुरात तलावावर शिकली होती. पण हे निराळं. अण्णांनी तिला पाण्याखाली डोळे उघडायला शिकवलं, पाण्याची ओढ कुठल्या बाजूला हे पायानं ओळखायला शिकवलं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा शलाकानं काठावरून हाक मारली, "चला आता, जेवायची वेळ झाली."

अण्णा पायऱ्यांकडे निघाले. पहिल्या पायरीवर त्यांनी हात टेकला.

"आजोबा," जुई पाण्यातून म्हणाली. "घरी पाण्यातूनच जाऊया?"

अण्णा तसेच थांबले. त्यांनी नातीकडे पाहिलं, मग काठावर उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं. शलाकाला तोंड कुठं लपवावं ते कळेना.

"जावया," अण्णा म्हणाले. "दम टिकतलो मां तुझो?"

"टिकेल."

पायरीवरचा हात त्यांनी काढून घेतला आणि ते पुन्हा पाण्यात शिरले. दोघं खाडीच्या कडेकडेनं घराकडे पोहत निघाली, आजोबा बाहेरच्या अंगाला आणि नात काठाच्या अंगाला. शलाकानं धक्क्यावरचा पंचा उचलला, जुईची चप्पल उचलली, अण्णांची चप्पल उचलली. डाव्या चपलेचा तळ एकाच बाजूनं पार झिजला होता. ती हातात घेऊन शलाका काठाकाठानं चालू लागली.